लघवीतला धातू काय सांगतो, काय सांगत नाही

लघवीला फेस येतो, पाय सुजतात. रुग्ण तरुण आहे, मधुमेह नाही, रक्तदाबाची जुनी तक्रार नाही. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या मूत्रपिंडतज्ज्ञांकडे असे रुग्ण येऊ लागले. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांनी मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचे, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळणीचा पडदा बिघडून प्रथिने लघवीवाटे वाहून जाण्याचे, २२ रुग्ण नोंदवले. त्यातल्या १५ जणांत ‘नेल-१’ हे या आजारात एरवी क्वचित दिसणारे प्रथिन सापडले. त्या १५ पैकी १३ जण चेहरा उजळ करणारी क्रीम लावत होते. त्याच सुमारास अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडांनाही अशीच इजा झाली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्या आजाराची उकल झाली. क्रीममध्ये पारा होता.

पाऱ्याचे क्षार त्वचेला काळसर रंग देणारे मेलॅनिन तयार होऊ देत नाहीत, म्हणून ते अशा क्रीममध्ये चोरून घालतात. चेहऱ्यावर चोळलेला हा पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि तिथून थेट मूत्रपिंडात जाऊन बसतो. बाहेर पडतो तो मुख्यतः लघवीवाटेच. त्यामुळे अशा रुग्णाच्या लघवीतला पारा मोजणे ही अगदी नेमकी तपासणी ठरते. कोट्टक्कलच्या बहुतेक रुग्णांची प्रकृती क्रीम बंद केल्यावर सुधारली. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवती वापरायची प्रसाधने सोडली, तर इतरांत नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. तरीही बिननावाच्या आणि बिनपत्त्याच्या डब्या ब्यूटी पार्लरमधून आणि मोबाइलवरून विकल्या जातात.

धातूंसाठी लघवी तपासण्याची ही उजळ बाजू झाली. ज्याच्या अंगात खरोखर विष गेले आहे त्याला ती वाचवू शकते. पण हीच तपासणी चुकीच्या माणसाची, चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या रीतीने केली, तर निरोगी माणूसही कागदावर विषबाधित दिसतो आणि खरा विषबाधित सुटून जातो. आज ‘हेवी मेटल पॅनेल’ फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये मिळते, घरबसल्या नमुना नेला जातो आणि दोन दिवसांत आकड्यांची रांग फोनवर येते. त्या आकड्यांना अर्थ कुठून येतो, हे मात्र फारसे कोणी समजावून सांगत नाही.

पाऱ्याचेच पाहा. क्रीममधला पारा किंवा थर्मामीटर फुटून हवेत गेलेल्या पाऱ्याची वाफ लघवीत उतरते. माशांतून येणारा मेथिल पारा मात्र बहुतांशी विष्ठेवाटे जातो. जपानमधल्या मिनामाता इथे १९५६ साली ज्या आजाराची पहिली नोंद झाली, तो चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातल्या मेथिल पाऱ्याचा होता. अशा रुग्णाची फक्त लघवी तपासली तर विषाचा मोठा भाग नजरेआड राहतो. तिथे रक्त किंवा केस पाहावे लागतात. धातू एकच, पण तो कोणत्या रूपात शरीरात आला यावर नमुना ठरतो.

दातांत भरलेल्या चांदीच्या मिश्रणातूनही थोडा पारा लघवीत येतो. याची भीती पुष्कळांना वाटते. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या मुलांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे भरण असलेल्या मुलांच्या लघवीत दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे, म्हणजे लघवीच्या दाटपणाच्या मापामागे, सरासरी ०.९ मायक्रोग्रॅम पारा सापडला. पांढरे भरण असलेल्या मुलांत तो ०.६ होता. फरक मोजता आला, पण मुलांच्या बुद्धीत किंवा मूत्रपिंडांत त्याचा काही परिणाम दिसला नाही. यंत्राला दिसलेला फरक आणि शरीराला झालेली इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचे सगळे निर्णय चुकतात.

आर्सेनिक, म्हणजे आपल्याकडे सोमल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विषातला मूळ धातूसदृश पदार्थ, याबाबतीत कोकणातल्या माणसाने विशेष सावध असले पाहिजे. १९७७ मध्ये शास्त्रज्ञांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शेवंडीच्या मांसातून आर्सेनोबीटेन नावाचे संयुग वेगळे काढले. सागरी मासे, कोळंबी, खेकडे यांत आर्सेनिक असते ते बहुतांशी याच रूपात. ते माणसाला अपाय करत नाही आणि जसेच्या तसे लघवीतून निघून जाते. पण लॅबने फक्त एकूण आर्सेनिक मोजले, तर आदल्या रात्री कोळंबीचे कालवण जेवलेल्या माणसाचा आकडा लिटरमागे हजार मायक्रोग्रॅमच्या पुढे जाऊ शकतो. एरवी तो साधारण पन्नासच्या आत असतो. म्हणून नमुना देण्याआधी तीन ते पाच दिवस मासे टाळायला सांगतात. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे आर्सेनिकची रूपे वेगवेगळी मोजणे. विषारी अकार्बनी आर्सेनिक शरीरात गेल्यावर यकृत त्याचे दोन मेथिल संयुगांत रूपांतर करते. त्या तिघांची बेरीज पाहिली की मासळीचा गोंधळ बराचसा दूर होतो. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने कामगारांसाठी आठवड्याच्या शेवटच्या नमुन्यात या बेरजेची खूण लिटरमागे ३५ मायक्रोग्रॅम ठरवली होती. ज्याच्या रिपोर्टवर फक्त ‘टोटल आर्सेनिक’ असे लिहिले आहे, त्याने घाबरण्याआधी आपण आठवडाभर काय खाल्ले ते आठवावे.

यंत्रही इथे फसू शकते. आजच्या चांगल्या प्रयोगशाळांत आयसीपी-एमएस हे उपकरण वापरतात. आर्गॉन वायूच्या हजारो अंश तापलेल्या प्लाझ्मात लघवीचे तुषार सोडले जातात. त्यातले अणू विद्युतभारित होतात आणि वजनानुसार मोजले जातात. आर्सेनिकच्या अणूचे वजन ७५. नैसर्गिक आर्सेनिकचा दुसरा कोणताही समस्थानिक नाही, त्यामुळे पडताळ्यासाठी दुसरे वजन उपलब्ध नसते. आता लघवीत मीठ असते, मिठात क्लोरीन. आर्गॉनचे ४० आणि क्लोरीनचे ३५ एकत्र आले की होतात ७५! अशी जोडी यंत्राला हुबेहूब आर्सेनिकसारखी दिसते. आधुनिक उपकरणांत हेलियम वायूच्या कोठीतून कण नेऊन ही तोतयागिरी मोडून काढतात. जुन्या किंवा नीट न बसवलेल्या यंत्रावर मात्र खारट खाणाऱ्याच्या माथी सोमल लागू शकतो.

आर्सेनिकचे खरे संकट भारतात पाण्यातून आले. १९८३ मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधल्या रुग्णांच्या अंगावरचे डाग ओळखले. पुढे जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव नळकूपांचे पाणी, केस, नखे आणि लघवी तपासली. १९९९ मध्ये त्यांनी तेव्हाच्या राजनांदगाव जिल्ह्यातल्या कौडीकसा परिसराचा अहवाल दिला. महाराष्ट्राच्या गोंदिया-गडचिरोलीला लागून असलेला हा भाग. अशा गावांत लघवीची तपासणी खूप कामाची असते, कारण ती गेल्या काही दिवसांचे सेवन दाखवते. स्वच्छ पाणी मिळू लागल्यावर लघवीतले आर्सेनिक थोड्याच दिवसांत उतरते. तळहातावरच्या गाठी आणि कर्करोगाचा धोका मात्र वर्षानुवर्षे राहतो. तेव्हा खालचा आकडा पाहून ‘आता काही नाही’ असे त्या गावकऱ्याला सांगणे हा अन्याय आहे.

काळाचा हाच प्रश्न तमिळनाडूतल्या कोडाईकॅनालला आला. हिंदुस्तान युनिलिव्हरचा तिथला थर्मामीटर कारखाना मार्च २००१ मध्ये बंद झाला. पारा लागलेल्या काचेचे भंगार बाहेर गेल्यावरून आंदोलन पेटले होते. माजी कामगारांशी समझोता झाला तो २०१६ मध्ये, ५९१ जणांसाठी. शरीरातला पारा लघवीवाटे साधारण दोन महिन्यांत निम्मा होत जातो. म्हणजे काम सोडून वर्षे उलटलेल्या कामगाराची लघवी स्वच्छ निघाली, तर त्यावरून तो कामावर असताना काय झाले याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. कामगाराचा नमुना तो कामावर असतानाच घ्यायला हवा, पाळी संपताना, आणि वर्षामागून वर्षे. त्या वेळी घेतला नाही, तर पुढे न्यायालयातही तो कुठून आणणार?

कॅडमियमची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे. तो मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षे मुक्काम करतो, म्हणून लघवीतला कॅडमियम आयुष्यभराच्या साठ्याचा अंदाज देतो. मराठी माणसाला हा धातू वेगळ्या नावाने परिचित आहे. सराफाच्या दुकानातला ‘केडीएम’ हा शब्द कॅडमियमवरूनच आला. ९२ भाग सोने आणि ८ भाग कॅडमियम अशा डाकाने दागिना जोडला, तर तापवताना कॅडमियम उडून जातो आणि जोडाजवळही सोन्याचा कस जवळपास २२ कॅरेट राहतो. उडून जातो तो कुठे? फुंकणी धरून बसलेल्या कारागिराच्या छातीत. हॉलमार्किंग आल्यावर या डाकाचे दिवस सरत गेले, पण झवेरी बाजारातल्या माळ्यांवर, बंद खोल्यांत ज्यांनी अनेक वर्षे असे काम केले, त्यांच्या मूत्रपिंडांत तो धूर आजही आहे. त्यांच्यातला जो विडी-सिगारेट ओढतो त्याच्यावर आणखी भार, कारण तंबाखूचे झाड जमिनीतला कॅडमियम पानांत ओढून घेते.

कॅडमियम काय करू शकतो हे जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीकाठी दिसले. वरच्या अंगाला असलेल्या कामिओका खाणीचे पाणी नदीत, नदीचे भातखाचरांत आणि भाताचे माणसांत गेले. बळी पडल्या त्या बहुतेक प्रौढ बायका. हाडे इतकी ठिसूळ झाली की खोकतानाही मोडत. दुखणे असह्य झाले की त्या ‘इताई, इताई’ म्हणत, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, आणि तेच आजाराचे नाव झाले. स्थानिक डॉक्टर हागिनो यांनी अनेक वर्षे या आजाराचा धातूशी संबंध आहे असे ठासून सांगितले. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणामुळे झालेला आजार असल्याचे मान्य केले.

कॅडमियमने मूत्रपिंडाच्या नलिका बिघडल्या की आधी लहान प्रथिने लघवीत गळू लागतात. स्वीडनमध्ये लार्स फ्रिबर्ग यांनी १९५० च्या सुमारास बॅटरी कारखान्यातल्या कामगारांत ही गळती दाखवून दिली होती. पुढे बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन प्रथम वेगळे झाले तेच कॅडमियमबाधित आणि विल्सन रोगाच्या रुग्णांच्या लघवीतून. आज अमेरिकेच्या १९९२ च्या कामगार सुरक्षा नियमांत दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३ मायक्रोग्रॅम कॅडमियम किंवा ३०० मायक्रोग्रॅम बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन दिसले की पुढची कारवाई सुरू होते. धातू आणि त्याने केलेली इजा एकाच नमुन्यात शेजारी शेजारी वाचायची, ही पद्धत फार शहाणपणाची आहे. आपल्या सराफ पेठांमध्ये ती कोणी राबवली तर किती घरे वाचतील!

शिसे इथे वेगळे पडते. शिशासाठी लघवी सहसा तपासायचीच नसते. रक्तातले जवळजवळ सगळे शिसे तांबड्या पेशींत असते आणि प्रौढ माणसातला ९० टक्क्यांहून अधिक साठा हाडांत. लघवीत त्याचा थोडाच अंश येतो. म्हणून शिसे पाहायचे ते रक्तात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये मुलांसाठीची खूण डेसिलिटरमागे ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने जगात दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे असल्याचा अंदाज दिला. भारतातल्या अशा मुलांची संख्या सुमारे साडेसत्तावीस कोटी. म्हसोबाला आणि मारुतीला फासतात तो शेंदूर हे शिशाचेच ऑक्साइड. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून मिसळले जाणारे लेड क्रोमेट, जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्ट्या, काही रसौषधी, या सगळ्यांतून ते घरात येते. बोस्टन परिसरातल्या दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. बस्त्यात बांधून परदेशी नेलेल्या भस्माच्या पुड्यांनी तिकडच्या मराठी घरांतही काळजी निर्माण केली, ती निराधार नव्हती.

नमुना कसा घेतला यावरही बरेच काही ठरते. बाटली धातुमुक्त प्लास्टिकची आणि आम्लाने धुतलेली हवी. कामगार असेल तर हातपाय धुऊन, कामाचे कपडे बदलूनच नमुना द्यावा, नाहीतर बाहीवरची धूळच मोजली जाते. भरपूर पाणी प्यायलेल्याची लघवी पातळ असते, म्हणून आकडा क्रिएटिनिनच्या प्रमाणात मांडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार क्रिएटिनिन लिटरमागे ०.३ ग्रॅमपेक्षा कमी किंवा ३ ग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर तो नमुना बाजूला ठेवून दुसरा घ्यावा. नुकताच एमआरआय झाला असेल आणि त्यात गॅडोलिनियम टोचले असेल, तरी काही दिवस थांबावे लागते.

आता सगळ्यात घातक प्रकाराकडे वळायला हवे. काही ठिकाणी नमुना घेण्याआधी माणसाला डीएमएसए, डीएमपीएस किंवा ईडीटीए हे औषध देतात. याला ‘चॅलेंज टेस्ट’ म्हणतात. ही चेलेटर जातीची औषधे. चेलेट हा शब्द ग्रीकमधल्या खेकड्याच्या नांगीवरून आला, कारण ती धातूला दोन बाजूंनी चिमटून धरतात आणि लघवीवाटे ओढून नेतात. त्यांचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांच्या चमूने लुईसाइट या आर्सेनिकयुक्त वायूवर उतारा शोधला. त्यातून पहिले चेलेटर मिळाले आणि शिशाने बाधलेल्या असंख्य मुलांचे प्राण पुढे या औषधांनी वाचवले. अमेरिकेत १९९१ मध्ये डीएमएसए मुलांसाठी मंजूर झाले, पण रक्तातले शिसे डेसिलिटरमागे ४५ मायक्रोग्रॅमच्या वर असेल तरच.

निरोगी माणसाला हे औषध दिले, तर त्याच्याही लघवीत धातू अनेक पटींनी वाढतात. आपल्या सर्वांच्या शरीरात थोडे शिसे आणि थोडा पारा असतोच. हवा, अन्न, पाणी यांतून ते आलेले असतात. मग या वाढलेल्या आकड्याची तुलना कशाशी होते? औषध न घेतलेल्या लोकांच्या मर्यादेशी. लाल रंगात ‘हाय’ छापून येते आणि रुग्णाला त्याच औषधाचे कोर्स विकले जातात. अमेरिकेच्या वैद्यकीय विषशास्त्र महाविद्यालयाने या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, ती अपायकारक ठरू शकते, असे स्पष्ट सांगितले. अनावश्यक तपासण्या टाळण्यासाठीच्या २०१३ च्या ‘चूजिंग वाइजली’ यादीतही तिला विरोध नोंदवला. मुलांमधले शिसे पाहण्यासाठी अशी एक चाचणी एकेकाळी रुग्णालयांत होत असे. ती डॉक्टरांनी स्वतःहून सोडली, ही त्या शास्त्राची प्रामाणिक बाजू आहे.

यात जीवही गेले. २००३ ते २००५ या काळात अमेरिकेच्या ओरेगन, टेक्सस आणि पेनसिल्व्हेनिया राज्यांत चेलेशन घेतलेली तीन माणसे रक्तातले कॅल्शियम एकदम उतरून दगावली. त्यात दोन लहान मुले होती. त्यातल्या एका मुलाला हे औषध ऑटिझमसाठी दिले गेले होते. त्या मुलांच्या शिरेत कॅल्शियम असलेल्या ईडीटीएऐवजी कॅल्शियम ओढून घेणारे डायसोडियम ईडीटीए गेले. २००७ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. शिशाने बाधलेल्या पिलांना डीएमएसएचा फायदा झाला, पण ज्यांच्यात शिसे नव्हते त्यांची शिकण्याची क्षमता त्याच औषधाने घटली. हा निकाल पाहून ऑटिझम असलेल्या मुलांवरचा नियोजित चेलेशन प्रयोग अमेरिकी सरकारी संस्थेने २००८ मध्ये रद्द केला. २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मधुमेहींना ईडीटीएच्या बाटल्या चढवल्या. रक्तातले शिसे ६१ टक्क्यांनी उतरले. हृदयाच्या पुढच्या संकटांत मात्र ईडीटीए घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत फरक पडला नाही.

भारतात १९४८ च्या कारखाने कायद्यातच शिसे, पारा, आर्सेनिक आणि मँगनीज यांची विषबाधा सरकारला कळवण्याच्या आजारांत मोडत होती. प्रत्यक्षात बॅटरी फोडणारा, भट्टीवर बसणारा, डाक देणारा माणूस कोणत्याही हजेरीपटावर नसतो आणि त्याचा नमुना कोणी घेत नाही. महागडे पॅनेल मात्र ज्यांना काही झालेले नाही अशांच्या घरी जाते. ही उलटापालट थांबायला हवी. झवेरी बाजारात, बॅटरी भंगाराच्या वस्त्यांत, कौडीकसासारख्या सीमेवरच्या गावांत नियमित तपासणी नेणे हे महापालिकेचे आणि कामगार खात्याचे काम आहे आणि ते त्यांच्याकडे मागितले पाहिजे.

वाचकांपैकी कोणाला ही तपासणी करून घ्यायची वेळ आली, तर नमुन्याआधी पुढे केलेली कोणतीही गोळी किंवा सलाइन घेऊ नये. आणि डॉक्टरकडे जाताना घरातल्या क्रीमची डबी, भस्माची पुडी, आठवडाभर खाल्लेल्या मासळीची आठवण आणि आपण नेमके कोणते काम करतो ही माहिती सोबत न्यावी.